यंदाचे पाच खेळ आणि चुकलेला पहारा

नेकनूरच्या बसस्टँडसमोर बाळूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी त्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आत बसून त्रिंबक आपल्या आवडत्या खेळांची यादी सांगतो. खेळ म्हणजे कबड्डी-खोखो नव्हे, संगणकावरचे. वर्षभरात जे जे खेळला त्यातले पाच निवडायचे, पाचव्यापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत यायचं, आणि बाळूने ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून आपल्या चॅनलवर टाकायचं, असा तीन वर्षांचा नेम. चॅनलला दोनशे बारा माणसं जोडलेली. त्यांतली निम्मी बाळूच्या नात्यातली. उरलेल्यांपैकी एक जण दर वर्षी खाली न चुकता लिहितो, आवाज गोड आहे, भजन कधी लावणार.

त्याचाही दोष नव्हता. त्रिंबक ज्युनिअर कॉलेजात क्लार्क, वय एक्केचाळीस, गळ्यात तुळशीची माळ, आणि पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की टाळ घेऊन मागे उभा. इतकी कीर्तनं ऐकल्यावर जीभ तशीच वळते. यादीची सुरुवात तो 'रामकृष्णहरी' म्हणून करायचा, मग विषय मांडायचा, मग दृष्टांत द्यायचा. एकदा तर भुतं मारण्याच्या खेळाबद्दल बोलता बोलता त्याचा कंठ दाटून आला होता. चेहरा मात्र तो दाखवायचा नाही. गावात त्याची ओळख टाळकऱ्याची होती. दार लावून खोलीत बसतो तो जप करायला, असं लोक समजायचे, आणि आपण होऊन लोकांचा भ्रम मोडावा असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं त्रिंबक स्वतःला समजवायचा.

संगणक घेतला होता मुलीच्या, राजनंदिनीच्या अभ्यासासाठी. ती शिकायला लातूरला गेली आणि संगणक बापाच्या वाट्याला आला. मुलगी हुशार निघाली. बाप संगणकावर बसला.

यंदा यादी तयार होती, पण पहिल्या नंबराने त्रिंबकची झोप उडवली होती. ते का, हे कळायला आधी पहारा सांगायला हवा.

दत्तजयंतीला गावात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचा पहारा, दिवसरात्र. पहारेकऱ्याने बसायचं नाही, मंडप सोडायचा नाही. पुढचा माणूस आंघोळ करून, शुभ्र कपड्यांत येतो, पाया पडतो, वीणा घेतो, तेव्हाच आधीचा सुटतो. दहा ते बाराचा पहारा भगवानरावांचा असायचा. बारा ते दोन त्रिंबकचा. भगवानराव सत्त्याहत्तर वर्षांचे. सप्ताहाची सुरुवात ज्या पहाऱ्याने होते, तो पहिला पहाराही एकतीस वर्षं त्यांचाच. वीणा पहिल्यांदा गळ्यात पडते आणि मंडपातला कालवा एकदम थांबतो, तो क्षण त्रिंबक लहानपणापासून बघत आला होता. आयुष्यात एकदा तरी त्या जागी आपण उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा. बढती त्याने कधी मागितली नाही. हे मात्र तो मनात रोज मागायचा.

आता सप्ताहाच्या पाचव्या दिवशी काय झालं ते.

अकराला पंगत उठली. त्रिंबक घरी आला, आंघोळ केली, धोतर नेसलं, कपाळाला गोपीचंदन लावलं. अर्धा तास हातात होता. आता या अर्ध्या तासात माणसाने नाम घ्यावं, किंवा नुसतं गप्प बसावं. त्रिंबक धोतराचा सोगा सावरत संगणकापुढे बसला.

त्या दिवसांत त्याला एका नव्या खेळाने धरलं होतं. खेळांची नावं सगळी इंग्रजी; त्रिंबक आणि बाळू त्यांना आपल्या सोयीची नावं द्यायचे. याचं नाव 'दिवा'. समुद्रात एक खडक, खडकावर दीपगृह, आणि त्यात एकटा माणूस. वादळ आलं की दिव्यात तेल घालत राहायचं, काच पुसत राहायची, वारा अडवायचा. लांबवर जहाज दिसत असतं. दिवा विझू द्यायचा नाही, एवढाच खेळ. आणि वादळ सुरू असताना खेळ मध्येच थांबवता येत नाही.

नेमकं वादळ आलं. देवळावरच्या भोंग्यावरून भजन चाललं होतं, त्यात समुद्राचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून त्रिंबकने खिडकी लावून घेतली आणि स्पीकरचा आवाज वाढवला. गावात सप्ताह चालू असताना, अंगावर पहाऱ्याचं धोतर असताना, त्याने हरिनाम ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावली. एवढं करून उजव्या हातात माउस आणि डाव्या हातात जपमाळ. नाम चालू आहे तोवर पाप लागत नाही, असा त्याचा हिशेब.

वादळ संपलं. दिवा तेवत राहिला होता. जहाज बंदराला लागलं. त्रिंबकने समाधानाने हात जोडले आणि घड्याळाकडे बघितलं. एक वाजून चाळीस मिनिटं.

तो धोतर दोन्ही हातांनी वर धरून पळाला. एवढ्या जोरात तो शाळेतसुद्धा कधी पळाला नव्हता. मंडपात त्या वेळी कुणी नव्हतं. पंगतीनंतर गाव आडवं होतं, नाहीतर कापूस वेचायला जातं. ध्वनिक्षेपकापाशी दोन म्हाताऱ्या पेंगत होत्या, आणि वीणा गळ्यात घेऊन भगवानराव उभे होते. त्रिंबक पायांवर कोसळला तेव्हा त्याचं डोकं ज्या पावलांना लागलं, ती सुजलेली होती.

काय झालं रे, असं त्यांनी विचारलं. आणि त्रिंबकच्या तोंडून, कुणी आधीच ठेवून दिल्यासारखं, बाहेर पडलं की पोट बिघडलंय नाना, सकाळपासून बसूनच हाय.

बसून होता, हे खरंच होतं.

पुढचं दहा मिनिटांचं उभं राहणं त्याला दोन तासांपेक्षा जड गेलं. दोनच्या ठोक्याला पुढचा पहारेकरी अजिनाथ आला आणि वीणा घेऊन गेला. पण खरी शिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आली. भगवानराव काठी टेकत, पाय ओढत, स्वतः घरी आले, आणि सुंठ-ओव्याची पुडी त्रिंबकच्या हातात ठेवून म्हणाले की गरम पाण्यातून घे, पोटाकडं दुर्लक्ष करू न्हाई. समोर उभं राहून त्यांनी ती पूड प्यायला लावली. बायको शिवकन्या तांब्या घेऊन उभी होती. पेला रिकामा झाल्यावर तिने आणखी थोडं पाणी घातलं आणि तळाशी राहिलेलंही प्या, म्हणाली.

एवढ्यावर निभलं असतं तर त्रिंबकने ते पचवलं असतं. त्याला पचवण्याची सवय होती. पण डिसेंबराच्या शेवटच्या गुरुवारी भगवानराव पुन्हा आले. चैत्रात रामनवमीचा सप्ताह, त्याच्या पहाऱ्यांची यादी एकादशीला ठरायची होती. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले की आता पाय साथ देत न्हाईत. पहिला पहारा तू घे.

त्रिंबकने काय करावं? त्याच क्षणी सांगून टाकावं. दहा कीर्तनांत तो ऐकून होता की खोट्यावर उभं राहिलेलं टिकत नाही. टाळ वाजवून त्याला साथही दिली होती. त्याने मान खाली घातली आणि ती होकारार्थी हलवली. आत कांडप चाललं होतं, ते तेवढ्यात थांबलं. शिवकन्येला मुसळ जड झालं असेल, असं त्याला वाटलं.

तर अशा अवस्थेत तो रविवारी बाळूच्या दुकानात यादी घेऊन बसला.

पाचवा नंबर 'ट्रकवाला'. परक्या मुलखातले बर्फाचे रस्ते, आणि त्यावरून माल घेऊन जायचं. त्रिंबकने भक्तिभावाने सांगितलं की या खेळाने आपल्याला शिस्त लावली. आपण एकही सिग्नल तोडला नाही, लाईन सोडली नाही. बाळू म्हणाला, तुझ्या स्कुटीचं इंडिकेटर दसऱ्यापासून बंद हाय. ते राहू दे, असं त्रिंबक म्हणाला, आणि तेही रेकॉर्ड झालं.

चौथा 'बंद वाडा'. एका खोलीतलं कोडं सुटलं की पुढची खोली उघडते. त्रिंबक तिसऱ्या खोलीत अडकला तो आजतागायत तिथेच आहे. पण बाळूने तो खेळ पूर्ण सोडवला होता, त्यामुळे आवडला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने त्या खेळाचं वर्णन 'गहन' या एका शब्दात केलं, आणि पुढे गेला.

तिसरा 'शेती'. यात त्याने भोपळे, गाजरं, स्ट्रॉबेरी लावली. रोज पहाटे न चुकता पाणी घातलं, तण काढलं, कोंबड्यांची नावं ठेवली. त्या नोव्हेंबरात घरचा कापूस वेचायला चला म्हटलं की त्याला ऊन बाधायचं. शिवकन्या एकदा मागे उभी राहून बघत होती. बांधावरचा आपला भोपळ्याचा वेल वाळला, त्याला या खेळातलं एक तांब्या पाणी आणता येईल का, असं तिने अगदी गरिबीने विचारलं होतं.

दुसरा 'दोरी'. दोघांनी एका दोरीला बांधून घेऊन डोंगर चढायचा. एक पडला की दुसरा ओढला जातो. तो आणि बाळू आपापल्या घरी बसून हा खेळ खेळायचे. वर्षभरात ते एकशे नव्वद वेळा पडले. बाळूने मोजलं होतं, आणि एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा पहिला कोण पडला तेही त्याने मोजलं होतं.

मग पहिला नंबर आला. त्रिंबकने घसा साफ केला, 'दिवा' असं नाव घेतलं, आणि थांबला.

नुसतं छान आहे, चित्रं सुंदर आहेत, एवढं सांगून उरकता आलं असतं. पण जिभेला वळण कीर्तनाचं. विषय मांडला की दृष्टांत हवा, आणि या विषयाला खरा दृष्टांत जगात एकच होता. तो सुजलेल्या पावलांवर उभा होता. त्रिंबक दुसरा शोधायला गेला, सापडेना. बाळूच्या फोनवर नुसती शांतता रेकॉर्ड होत राहिली.

"बोल की बे," बाळू म्हणाला. "दोनशे बारा माणसं ताटकळलीत."

त्रिंबकने फोन बंद करायला लावला आणि सगळं सांगितलं. खिडकी, स्पीकर, पोट, सुंठ, गुरुवारी हललेली मान. बाळू बौद्ध घरातला. सप्ताहाशी त्याचा संबंध भोंग्याच्या वायरी जोडून देण्यापुरता. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. माफ कर, असं काहीतरी त्रिंबक म्हणाला, तेव्हा बाळूने त्याच्याकडे नीट बघितलं.

"हे तू मला कावून सांगतो? मी उभा व्हतो का तिथं?"

एवढं बोलून त्याने उठून शटर वर केलं. दुपारचं ऊन आत आलं. त्रिंबकला बाहेर जाण्याशिवाय इलाज उरला नाही.

भगवानराव अंगणात मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. त्रिंबकने वाटेत बोलणं जुळवलं होतं, त्याला प्रस्तावना होती, मध्ये नम्रता होती. समोर गेल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. पोट बिघडलं नव्हतं, असं तो म्हणाला. संगणकावर खेळत बसलो होतो. पहिला पहारा मला देऊ नका.

भगवानरावांनी पाण्यातला एक पाय उचलून दुसऱ्यावर घासला. त्यांनी रागावण्याऐवजी खेळाची चौकशी सुरू केली. काय असतं त्यात? दिवा कशाचा? तेल कुठून येतं? त्रिंबकने शरमेने एक एक सांगितलं. त्या गड्याने किती वेळ थांबायचं, असं त्यांनी विचारलं. वादळ संपेपर्यंत. मग त्याच्या जागी दुसरा कोण येतो? कुणी येत नाही, तो एकटाच असतो.

"बदली न्हाई?"

"न्हाई, नाना."

"मग त्यो पहारा कसला? ती तर कैद झाली," भगवानराव म्हणाले. "मागून माणूस येनार, ह्या भरवशावर उभं ऱ्हायचं, त्याला पहारा म्हनत्यात."

त्रिंबक आपल्या चपलांकडे बघत राहिला. माझ्यामुळे तुम्हाला चार तास उभं राहावं लागलं, असं तो कसंबसं म्हणाला. त्यावर म्हातारा हसला.

"मी कुठं चार तास? तुझी वाट पाऊन तास बघितली. पुढं शिवकन्या उभी ऱ्हायली, येक तास. तू लांबून पळत येताना दिसला, तशी तिनं वीणा माझ्या गळ्यात घातली अन् मागल्या अंगानं गेली. म्हनली, काका, ते खेळात गुतल्यात, मी उभी व्हते ते सांगू नका. ह्यांची मान खाली जाईल."

अंगणात कोंबडी फिरत होती. त्रिंबकने तिच्याकडे खूप वेळ बघितलं.

"तुला पहारा देऊ केला तो ह्याचसाठी," भगवानराव म्हणाले. "म्हनलं, आता तरी बोलशील. तू तर मुंडी हालवलीस."

मग त्यांनी पाय पुसले आणि निकाल दिला. पहिला पहारा शिवकन्येचा. एकादशीला कुणी बाईमाणूस म्हणून कुरकुरलं, तर त्याला आपण बघू. आणि त्रिंबकने बारा ते दोनला यायचं, जसं यायचा तसं. एकतीस वर्षांनी ती जागा मोकळी झाली होती, आणि त्रिंबकच्या घरातच येत होती. फक्त त्रिंबकला वळसा घालून. त्याला रडू यायला हवं होतं. त्याच्या छातीवरून मात्र पाटा उतरल्यासारखं झालं, आणि परत येताना त्याला कडकडून भूक लागली. पोट, म्हणजे, अगदी उत्तम होतं.

घरी शिवकन्या मेथी निवडत होती. तो समोर मांडी घालून बसला, एक जुडी स्वतःकडे ओढली आणि सांगितलं. ती देठं मोडत राहिली. तुला कसं कळलं होतं, असं त्याने विचारलं.

"खोलीतून समुद्राचा आवाज येत व्हता," ती म्हणाली. "नेकनुरात समुद्र कुठून आला?"

"मग कडी वाजवायची."

"दोनदा वाजवली. आतून म्हनले तुमी, आलो, वादळ संपू दे."

त्रिंबकला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. आपण ते किती प्रेमळपणे म्हणालो होतो, तेही आठवलं. त्याने मेथीचं एक पान नको तितकं बारीक खुडलं. पहिला पहारा तुझा हाय, नानांनी सांगितलं, असं तो म्हणाला. ती थबकली. तिच्या हातातली काडी तशीच राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. मग पदराने नाक पुसून तिने विचारलं की तुमचा कितीचा.

"बारा ते दोन."

"बरं. मी साडेअकराला यिऊन खिडकी उघडीन."

थोड्या वेळाने ती आपणच म्हणाली, मला बघू द्या तो दिवा, ज्याच्यासाठी मी तासभर उभी होते. त्रिंबकने संगणक लावला. तिला खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभा राहिला, आणि वादळ येताच त्याचं निरूपण सुरू झालं. तेल घाल. आता काच. वारा डावीकडून येतोय, तिकडं बघ. शिवकन्या खालचा ओठ दाताखाली धरून माउस फिरवत होती, आणि अंगणवाडीच्या नोकरीत पोरं सांभाळून तयार झालेल्या हाताने चांगलं खेळत होती. जहाज अर्ध्यावर आलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू जाण्याचा वास आला. ती माउस सोडून उठली आणि गेली.

"तेल, तेल," त्रिंबक ओरडला. तो खुर्चीत बसून माउस धरेस्तोवर दिवा फडफडला आणि विझला.

पडदा काळा झाला. दोन महिन्यांत त्याने दिवा एकदाही विझू दिला नव्हता. विझला की जहाज फुटतं, सगळं बुडतं, असं तो धरून चालला होता. आता तो अंधाराकडे बघत उभा राहिला. बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग पडद्याच्या एका कडेला फिकट उजेड आला, तो वाढत गेला आणि उजाडलं. जहाज लांब, नांगर टाकून, शांत उभं होतं. त्याने रात्रभर वाट बघितली होती. उजेड झाला तसं ते आपलं आपण बंदराकडे निघालं, आणि त्यावरून सुटलेल्या छोट्या नावेतून दुसरा एक माणूस खडकावर उतरून दीपगृहाच्या पायऱ्या चढू लागला. हातात तेलाचा डबा.

बदली होती. खेळात बदली होती, आणि ती यायला दिवा एकदा विझावा लागत होता.

"काय झालं?" शिवकन्येने आतून विचारलं.

"इझला," तो म्हणाला.

"मग इकडं या. मेथी तशीच पडलीय."

त्याने बाळूला फोन लावला आणि संध्याकाळी शटर उघडं ठेव, पहिला नंबर सांगायचा राहिलाय, असं सांगितलं. यादी तीच ठेवायची का, बाळूने विचारलं. खेळ तेच, त्रिंबक म्हणाला. आणि यंदा चेहऱ्यासकट रेकॉर्ड कर. बाळू म्हणाला की चेहऱ्याने माणसं वाढतील याची खात्री नाही.